स्कोलिओसिस : मुलीच्या पाठीच्या कण्याचा बाक, ब्रेस आणि पुढचे निर्णय

सायली_नाशिक (धागाकर्ती), ४ जून

नमस्कार. माझी मुलगी १२ वर्षांची आहे. एप्रिलमध्ये घरच्या लग्नासाठी तिचे परकर-पोलके शिवायला टाकले, तेव्हा माप घेता घेता शिवणाऱ्या काकू थबकल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, हिचा उजवा खांदा वर आहे. परकराची कडही एका बाजूने वर जाते आहे. माझी टेप चुकत नाही, तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवा." दप्तर एकाच खांद्यावर घेण्याच्या सवयीमुळे असे झाले असावे, असे समजून मी पंधरा दिवस मुलीलाच रागावत राहिले, याचे आता फार वाईट वाटते.

एक्स-रेमध्ये छातीच्या भागातील मणक्यांना उजवीकडे २८ अंशांचा बाक निघाला. अहवालात 'रिसर ०' असे लिहिले आहे. मासिक पाळी अजून सुरू झालेली नाही. तिला कोणतेही दुखणे नाही. ती धावते, सायकल चालवते, कथक शिकते. पहिल्या डॉक्टरांनी दिवसाचे १८ तास ब्रेस घालण्यास सांगितले, दुसऱ्यांनी सहा महिने थांबून पुन्हा एक्स-रे काढू असे सुचवले, आणि नात्यातील एका ज्येष्ठांनी मालिश करून मणके 'बसवून' देणाऱ्या गृहस्थांचा पत्ता दिला. ज्या मुलीला काहीच दुखत नाही, तिला दिवसभर प्लास्टिकच्या कवचात ठेवणे खरोखर आवश्यक असते का? अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे.

गप्पिष्ट, ४ जून

त्या शिवणाऱ्या काकूंना आधी साडीचोळी करा. बाकीचे नंतर पाहू.

मुग्धा_आ, ४ जून

सायलीताई, रागावल्याचे मनाला लावून घेऊ नका. माझ्या आईने तर मला दोन वर्षे "सरळ उभी राहा" असे सांगितले आणि मी खरोखरच माझ्या परीने सरळ उभी होते. मी १९९६ ते १९९९ या काळात ब्रेस वापरला आहे. सविस्तर रात्री लिहिते.

निवृत्त_अस्थितज्ज्ञ, ४ जून

मुलीला न तपासता मी उपचार सांगणार नाही. मात्र दोन डॉक्टरांनी दोन वेगळी मते का दिली असावीत, हे समजण्यासाठी आवश्यक तेवढे लिहितो.

स्कोलिओसिस म्हणजे केवळ एका बाजूला झुकणे नव्हे. कणा बाजूला वळतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती फिरतात. त्या फिरण्याबरोबर बरगड्याही फिरतात, म्हणून मूल कमरेतून पुढे वाकले की पाठीची एक बाजू उंच दिसते. ही वाकवून पाहण्याची चाचणी इंग्लंडमधील विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती १८६५ पासूनची आहे. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात एकमेकांना जोडून मुलाला पुढे वाकवावे आणि आपण मागे बसून पाठीच्या पातळीवरून पाहावे. एवढे कोणत्याही पालकाला घरी करता येते. बाक मोजण्याची पद्धत १९४८ मध्ये जॉन कॉब यांनी मांडली. वरचा सर्वांत कललेला मणका आणि खालचा सर्वांत कललेला मणका यांच्या कडांवरून रेषा काढून त्यांच्यातील कोन मोजतात. १० अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणावे, असा संकेत आहे. किशोरवयातील मुलामुलींत शंभरात दोन-तीन जणांना तो आढळतो. बहुतेकांचा बाक लहानच राहतो; मोठ्या बाकांत मात्र मुलींची संख्या मुलांच्या कित्येक पट असते. दप्तर, झोपण्याची पद्धत, बसण्याची सवय यांपैकी कशानेही तो होत नाही. सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये नेमके कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा वाटा निश्चित असतो, पण तो एकाच जनुकाचा खेळ नाही.

आता मुख्य मुद्दा. २८ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. किती वाढ शिल्लक आहे, हे त्याच्या शेजारी लिहिले तरच त्याला अर्थ येतो. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरील कूर्चा जसजशी हाडात बदलते, तशी रिसर खूण ० पासून ५ पर्यंत पुढे सरकते. ० म्हणजे वाढ बरीच बाकी आहे. पाळी सुरू झालेली नसणे हेही तेच सांगते. लॉनस्टाइन आणि कार्लसन यांनी १९८४ मध्ये ७२७ रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले की, २० ते २९ अंशांचा बाक असताना रिसर ० किंवा १ असेल, तर ६८ टक्के मुलांमध्ये तो वाढला. तोच बाक रिसर २ ते ४ असताना केवळ २३ टक्क्यांमध्ये वाढला. दोन्ही मुलांच्या कागदावर २८ अंशच लिहिलेले असते, पण त्यांचे पुढचे दिवस सारखे नसतात.

शंकासूर, ५ जून

डॉक्टरसाहेबांच्या माहितीबद्दल आदर राखून, दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. ब्रेसच्या बाजूने नेहमी दिला जाणारा पुरावा म्हणजे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिका व कॅनडातील चाचणी. तिच्यात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुले वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याच्या, आत राहिली, म्हणून सर्वत्र तिचा जयघोष झाला. पण त्याच चाचणीत ब्रेस न वापरणाऱ्यांपैकी ४८ टक्के मुलेही ५० च्या आतच राहिली, हे कोणी ठळकपणे सांगत नाही. म्हणजे ब्रेस न घालताही जवळपास निम्म्या मुलांचे ठीक झाले असते. त्या निम्म्या मुलांनी आपल्या किशोरवयातील दोन-तीन वर्षे कशासाठी दिली? शाळांमधून सरसकट तपासणी करावी की नाही, याबाबतही अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ मध्ये पुरावा अपुरा असल्याचे म्हटले आहे. घाईघाईने कवच चढवण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

काटकोन, ५ जून

शंकासूर, आकडे आपण बरोबर दिले आहेत, फक्त वजाबाकी अर्ध्यावर सोडली आहे. ७२ उणे ४८ म्हणजे २४. चार मुलांनी ब्रेस घातला, तर त्यांतील साधारण एकाची ५० अंशांची वाट त्या ब्रेसमुळे टळते. चारातले ते एक मूल कोणते, हे आधी सांगता येत नाही, हीच खरी अडचण आहे. आणखी एक गोष्ट आपण वगळली. त्याच चाचणीत ब्रेसच्या आत तापमान नोंदवणारे यंत्र बसवले होते, त्यामुळे कोणी किती तास घातला हे मुलांच्या सांगण्यावर अवलंबून नव्हते. सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा त्याहून अधिक घालणाऱ्यांमध्ये यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले, आणि ज्यांनी तो जवळजवळ घातलाच नाही त्यांचे निकाल न वापरणाऱ्या गटासारखेच आले. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली.

शंकासूर, ५ जून

वजाबाकी मान्य. पण चारातल्या उरलेल्या तिघांची झळ आपल्या गणितात कोठेच बसत नाही. मुलीची संमती हा या गणिताचा भाग असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुग्धा_आ, ५ जून

शंकासूर यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि ब्रेस घालावा असेच तरीही सांगेन.

माझा बाक ३१ अंशांचा होता. आम्ही डोंबिवलीत राहत होतो आणि ब्रेस मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत तयार झाला. प्रथम अंगाचा प्लास्टरचा साचा घेतला. तो कापून काढताना करवतीचा आवाज ऐकून मी इतकी रडले की तेथील कारागीर काकांनी करवत आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवली. ती फक्त थरथरते, कातडी कापत नाही. पहिले दोन आठवडे भयंकर गेले. जेवण अर्ध्यावर थांबे, मांडी घालून बसताना खालची कड मांडीत रुते, आणि मे महिन्यात आतला घाम म्हणजे काय असतो हे मी सांगू शकत नाही. पण तिसऱ्या आठवड्यात शरीर सरावले. शाळेत मुले पाठीवर टकटक करून "आत कोण आहे?" असे विचारत; मी "सध्या घरी कोणी नाही" असे उत्तर देऊ लागले, तेव्हा ते थांबले.

तीन वर्षांनी ब्रेस सुटला तेव्हा बाक ३३ होता. म्हणजे तो सरळ झाला नाही, वाढायचा थांबला. हे मला सुरुवातीला कोणीही समजावून सांगितले नव्हते. मी सरळ होण्याची वाट पाहत होते आणि शेवटचा एक्स-रे पाहून मला फसवल्यासारखे वाटले. सायलीताई, तुमच्या मुलीला पहिल्याच दिवशी हे सांगा.

व्यवहारातील दोन गोष्टी. आतून घालायचे सुती बनियन अंगाबरोबर, विना-सुरकुती असावे आणि ते उलटे घालावे, म्हणजे शिवण कातडीला घासत नाही. आणि ब्रेसखाली पावडर वा तेल लावू नका, त्याने कातडी नरम पडून सोलवटते.

निवृत्त_अस्थितज्ज्ञ, ५ जून

मुग्धाताईंनी लिहिलेले मी माझ्या ओपीडीच्या भिंतीवर लावायला हवे होते. '३१ वरून ३३' हा आमच्या दृष्टीने उत्तम निकाल आहे, आणि खरे पाहता ते दोन अंश वाढलेलेही नाहीत. एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टरांनी कोन मोजला तरी पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून २८ चे ३१ झाले की घाबरू नये आणि २८ चे २५ झाले की पेढे वाटू नयेत. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने एक्स-रे काढावा. किरणे पाठीकडून पुढे जातील असे उभे करण्यास सांगावे, म्हणजे वाढत्या वयातील मुलीच्या स्तनांच्या भागावर पडणारी मात्रा कमी होते.

योगसाधक, ६ जून

मी गेली २० वर्षे योगवर्ग घेतो. ताडासन, त्रिकोणासन, वसिष्ठासन यांच्या नियमित अभ्यासाने असे अनेक बाक सरळ झालेले मी पाहिले आहेत. प्लास्टिकने स्नायू दुबळे होतात. मुलीला सहा महिने योगाभ्यास द्यावा आणि मगच ब्रेसचा विचार करावा.

काटकोन, ६ जून

योगसाधक, आधीचे आणि नंतरचे अंश सांगाल का? 'सरळ झालेले पाहिले' आणि 'सरळ झालेले मोजले' यांत अंतर आहे.

स्टुटगार्टकर, ६ जून

व्यायामांबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण आम्ही जर्मनीत असल्याने माझ्या मुलाच्या बाबतीत तोच मार्ग प्रथम घेतला गेला. श्रोथ पद्धत ही कॅथरिना श्रोथ यांची. १८९४ मध्ये जन्मलेल्या या बाईंना स्वतःलाच स्कोलिओसिस होता आणि किशोरवयात त्यांना पोलादी कॉर्सेट घालावे लागले होते. हवा भरलेला चेंडू एका बाजूने दबला की आतून फुगवून तो सावरतो, तसे बरगड्यांची दबलेली बाजू श्वासाने आतून का फुगवू नये, या विचारातून त्यांनी आरशासमोर स्वतःवर प्रयोग केले आणि १९२१ मध्ये माइसेन येथे छोटे उपचारकेंद्र सुरू केले. पुढे त्यांच्या कन्येसह त्यांनी बाड सोबर्नहाइम येथे काम वाढवले.

या पद्धतीत डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच व्यायाम दिला जात नाही. प्रत्येकाच्या बाकाच्या आकारानुसार उशा, पट्टे आणि श्वासाची दिशा ठरते. म्हणूनच मला वाटते की सर्वांसाठी एकच आसनक्रम हे या दुखण्यात पुरेसे नाही. कॅनडात ५० मुलांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना श्रोथची जोड दिल्यावर सहा महिन्यांत थोडी सुधारणा दिसली. दुसरीकडे, स्वीडनमधील १३५ मुलांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, फक्त रात्री घालायचा ब्रेस हा केवळ शारीरिक हालचालीपेक्षा सरस ठरला. विशेष व्यायामांच्या गटाला मात्र तसा लाभ दिसला नाही. माझ्या मुलाला शेवटी ब्रेस आणि व्यायाम दोन्ही दिले गेले. ब्रेस काढलेल्या तासांत त्याला आपले शरीर आपले वाटे, ते व्यायामामुळे, असे तो म्हणतो.

योगसाधक, ६ जून

अंश माझ्याकडे नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. मी खांदे आणि चाल पाहून बोललो. ब्रेस काढलेल्या वेळात कोणते व्यायाम करावेत हे फिजिओथेरपिस्टने ठरवावे आणि योगाने त्याला पूरक राहावे, असे माझे सुधारित मत समजावे.

गप्पिष्ट, ६ जून

या संकेतस्थळावर कोणीतरी मत सुधारले! तारीख नोंदवून ठेवा.

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो : मथुरेच्या कुब्जेला तीन ठिकाणी बाक होता, म्हणून तिला त्रिवक्रा म्हणत. कृष्णाने तिची पावले आपल्या पायांनी दाबून धरली, हनुवटीखाली दोन बोटे लावली आणि तिला वर उचलून सरळ केले. हे ट्रॅक्शनच झाले की नाही?

निवृत्त_अस्थितज्ज्ञ, ६ जून

तत्त्व अचूक आहे. पावले स्थिर, ओढ हनुवटीतून. हिपोक्रेटिसच्या काळी ग्रीसमध्ये रुग्णाला शिडीला बांधून झटके देत, त्या मानाने कृष्णाची पद्धत फारच सौम्य म्हणावी लागेल. मात्र नुसते ताणल्याने आलेली सरळता सोडल्यावर टिकत नाही, आणि कुब्जेचा सहा महिन्यांनंतरचा एक्स-रे उपलब्ध नाही.

हाच आक्षेप मणके 'बसवून' देणाऱ्यांवर आहे. मणका जागेवरून सरकलेला नसतो, तर वाढताना त्याचा आकारच पाचरीसारखा होत गेलेला असतो. तो बसवायचा कोठे? सायलीताई, तो पत्ता हरवू द्यावा.

लेस्टरवासी, ७ जून

आमच्या गावी २०१२ मध्ये वाहनतळाखाली इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. तो येथे प्रदर्शनात मांडलेल्या प्रतिकृतीतून पाहता येतो. कण्याचा बाक ६५ ते ८५ अंशांच्या दरम्यान असावा असे संशोधकांनी काढले, म्हणजे आजच्या निकषांनी थेट शस्त्रक्रियेचा. नाटकांतून त्याला कुबडा आणि लंगडा दाखवत आले. प्रत्यक्षात त्याला कुबड नव्हते, उजवा खांदा थोडा वर असावा एवढेच, आणि नीट शिवलेल्या कपड्यांत ते झाकले गेले असावे. बाक असतानाही तो घोड्यावरून लढला. धावपटू उसेन बोल्टनेही आपल्याला स्कोलिओसिस असल्याचे सांगितले आहे. सायलीताईंच्या मुलीने कथक सोडू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

साताऱ्याची_आई, ८ जून

सर्व चर्चा १०-१२ वर्षांच्या मुलांवर चालली आहे, म्हणून आमचे लिहिते. माझ्या मुलाला १४ महिन्यांचा असताना ३८ अंशांचा बाक निघाला. आम्हाला वाटले, इतक्या लहान बाळाचे काय करणार? पण याच वयात वाढ हेच औषध असते, असे आम्हाला सांगण्यात आले. लंडनमधील डॉ. मिन मेहता यांनी विकसित केलेल्या पद्धतीने, बाळाला भूल देऊन, ताण देत आणि फिरलेला कणा उलट फिरवत छाती-पोटाभोवती प्लास्टर घालतात आणि काही महिन्यांनी ते बदलत जातात. त्यांनी २००५ मध्ये १३६ मुलांचा अनुभव मांडला होता. ज्या ९४ मुलांवर सरासरी दीड वर्षाच्या आसपास उपचार सुरू झाले, त्यांचा बाक नाहीसा झाला. उशिरा आलेल्या ४२ मुलांचा कमी झाला पण गेला नाही. आमच्या बाळाला पाच प्लास्टर लागली. आता तो चार वर्षांचा आहे आणि बाक ९ अंशांचा आहे. अंघोळ नाही, फक्त ओल्या कापडाने पुसणे, आणि पावसाळ्यात साताऱ्यात ते प्लास्टर कोरडे ठेवणे हीच मोठी परीक्षा होती.

कोल्हापूरकर_बाबा, ९ जून

मी हा धागा चार दिवस वाचतो आहे आणि लिहावे की नाही, या विचारात होतो. माझ्या मुलीचे १३ व्या वर्षी ३० अंश होते. ब्रेस सुचवला गेला होता. आम्ही लोक काय म्हणतील म्हणून टाळला आणि त्याऐवजी एका दुकानातून पाठ सरळ ठेवण्याचा पट्टा आणला. तो पट्टा खांदे मागे ओढतो, बाकाला स्पर्शही करत नाही. तिला दुखत नव्हते, म्हणून आम्ही दीड वर्ष एक्स-रेच काढला नाही. पुढचा काढला तेव्हा ५८.

मुंबईत शस्त्रक्रिया झाली. पाठ उघडून मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात, त्यांना दोन दांड्यांनी जोडतात, आणि हाडाचे तुकडे पसरून तेवढे मणके कायमचे एकसंध होऊ देतात. आम्हाला सर्वांत मोठी भीती पाय लुळे पडण्याची होती. त्यांनी दाखवले की शस्त्रक्रियेच्या पूर्ण काळात मज्जारज्जूतून जाणारे संदेश पडद्यावर मोजत राहतात आणि ते मंदावले तर लगेच ओढ सैल करतात. सहा तास आम्ही बाहेर बसलो होतो. तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली, तेव्हा तिची आई आधी तिच्या डोक्याकडे पाहू लागली, कारण ती चार सेंटिमीटर उंच झाली होती.

आज ती १९ वर्षांची आहे, महाविद्यालयात जाते, पोहते. तिला मांडी घालता येते, पण मोठ्यांना वाकून नमस्कार करताना ती कमरेतून न वाकता गुडघ्यांवर बसते. नातेवाइकांना तो नमस्कार अधिक आवडतो. शस्त्रक्रियेचा मला पश्चात्ताप नाही. त्या दीड वर्षाचा आहे.

सायली_नाशिक, ९ जून

काका, आपण लिहिलेत हे फार मोठे झाले. मी हा प्रतिसाद मुलीच्या बाबांना वाचून दाखवला.

शंकासूर, ९ जून

कोल्हापूरकर बाबांच्या प्रतिसादानंतर वाद घालणे बरे दिसत नाही, तरी एक प्रश्न डॉक्टरसाहेबांना विचारतो. ५० अंशांची रेषा कोणी आखली? त्यापलीकडे गेलेल्या माणसांचे नेमके काय होते?

निवृत्त_अस्थितज्ज्ञ, १० जून

योग्य प्रश्न आहे. वाढ पूर्ण झाल्यावर ३० अंशांच्या आतील बाक सहसा वाढत नाही. छातीतील बाक ५० च्या पुढे असेल, तर तो वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण एक अंशाने सरकत राहतो. १६ व्या वर्षी ५५ असलेला बाक चाळिशीत ८० च्या आसपास पोहोचू शकतो, आणि तेथे फुफ्फुसांची क्षमता घटू लागते. म्हणून रेषा ४५ ते ५० च्या दरम्यान आखली गेली.

मात्र भीतीही मापात असावी. आयोवा येथे उपचार न घेतलेल्या रुग्णांचा ५० वर्षे मागोवा घेतला गेला आणि २००३ मध्ये निष्कर्ष आले. त्यांनी संसार केले, नोकऱ्या केल्या, त्यांचे आयुर्मान इतरांसारखेच होते; पाठदुखी मात्र त्यांच्यात ६१ टक्के आणि इतरांत ३५ टक्के होती, आणि आपल्या शरीराच्या दिसण्याबद्दल नाराजी अधिक होती. त्यामुळे शस्त्रक्रिया ही 'आजच्या आज, नाहीतर अनर्थ' अशी गोष्ट नाही. विचार करायला आठवडे मिळतात.

शस्त्रक्रियेचा इतिहास पोलिओशी जोडलेला आहे. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी पोलादी दांडी तयार केली आणि १९६२ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. माझ्या उमेदीच्या काळात संदेश मोजणारी यंत्रे आमच्याकडे नव्हती. शस्त्रक्रियेच्या मध्येच भूल हलकी करून मुलाला "पाय हलव" असे सांगत असू. तो अंगठा हलेपर्यंतचा अर्धा मिनिट मी आजही विसरलेलो नाही. आज तरुण, अन्यथा निरोगी रुग्णात मज्जारज्जूला इजा होण्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. कमी आहे, शून्य नाही, आणि हे वाक्य पूर्ण उच्चारणाऱ्या शल्यविशारदावर अधिक विश्वास ठेवावा.

मणके न जोडता बाकाच्या फुगीर बाजूने मणक्यांवर दोरी ताणून वाढीलाच वळण देण्याचीही पद्धत आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये तिला मान्यता मिळाली. कण्याची लवचिकता राहते हा लाभ, पण दोरी तुटणे, बाक उलट दिशेला जाणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागणे हे धोके आहेत. ती वाढ शिल्लक असलेल्या निवडक मुलांसाठीच आहे.

एक सूचना सर्वांसाठी. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, छातीत डावीकडे वळलेला बाक, पाठीच्या मध्यावर केसांचा झुपका, किंवा काही महिन्यांत झपाट्याने वाढलेला कोन यांपैकी काही असेल, तर एमआरआय करून मज्जारज्जू पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हापशेकर, १२ जून

माझे वय ६८. मला आताच कळले की माझ्या कंबरेत २४ अंशांचा बाक आहे. मलाही ब्रेस लागेल काय?

निवृत्त_अस्थितज्ज्ञ, १२ जून

म्हापशेकर, आपल्या वयात तो बहुधा मणक्यांमधील चकत्या आणि सांधे झिजल्यामुळे येतो. वाढ संपलेली असल्याने मुलांचा ब्रेस आपल्या कामाचा नाही. आपल्या बाबतीत अंशांपेक्षा आपण किती चालू शकता आणि पायांत कळ येते का, हे महत्त्वाचे. चालणे, स्नायू बळकट करणे आणि हाडांची घनता तपासणे येथून सुरुवात करावी.

कोल्हापूरकर_बाबा, १२ जून

खर्चाबद्दल व्यक्तिगत निरोपांतून विचारणा झाली म्हणून लिहितो. बिलात स्क्रू आणि दांड्यांचा वाटा फार मोठा असतो, म्हणून अंदाजपत्रक घेताना ते वेगळे लिहून मागावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले रुग्णालय आणि ही शस्त्रक्रिया बसते का, हे तेथील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे. नंतर धावपळ होते.

सायली_नाशिक, २१ डिसेंबर

धागा वर काढते आहे, कारण अनेकांनी पुढे काय झाले असे विचारले.

जूनअखेरीस आम्ही तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास माझ्याशी नव्हे, मुलीशी बोलून घेतले. तिच्या हातात एक्स-रे देऊन रेषा तिलाच काढायला लावल्या. तिचा कोन २९ आला, त्याचा तिला अजून अभिमान आहे. ब्रेस घालायचा असे ठरले, आणि शंकासूर यांच्यासाठी सांगते, ते तिने ठरवले. तिची अट एकच होती, की कथकचे दोन तास आणि शाळेतील खेळाचा तास मोकळा असेल. उरलेल्या वेळात साधारण १७ तास ती घालते. साचा आता प्लास्टरचा नाही. अंगाभोवती यंत्र फिरवून मोजमाप घेतले.

ब्रेस घालून काढलेल्या एक्स-रेमध्ये बाक १३ दिसला. मी पेढे आणायला निघाले होते, पण डॉक्टरसाहेबांचे शब्द आठवून थांबले. परवा आदल्या दिवशीपासून ब्रेस काढून ठेवून पुन्हा एक्स-रे घेतला : २७. या काळात तिची उंची साडेतीन सेंटिमीटर वाढली आणि ऑक्टोबरात पाळीही सुरू झाली. पुढची तपासणी जूनमध्ये आहे.

वाईट दिवसही आले. गणपतीत दोन दिवस तिने ब्रेस कपाटात कोंडून ठेवला आणि मी काही बोलले नाही. मुग्धाताई, उलटे बनियन तिला पटले नव्हते; कमरेवर चट्टा उठल्यावर पटले.

मुग्धा_आ, २१ डिसेंबर

२७! चट्ट्यावर काही लावू नका, आतली कड डॉक्टरांकडून घासून घ्या. आणि त्या शिवणाऱ्या काकूंना कळवलेत का?

सायली_नाशिक, २२ डिसेंबर

संक्रांतीसाठी काळे पोलके टाकायला कालच गेलो होतो. काकूंनी या वेळी वहीत दोन मापे लिहून घेतली, एक ब्रेससह आणि एक ब्रेसविना, आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवली आहे.